भूकंपग्रस्त अंत्युखियाला मदत पाठवायची की आधी चर्चच्या छताचे पत्रे? मंडळीत वाद लागलाय, सल्ला हवा

खजिनदार_नगरवाला | २१ फेब्रुवारी २०२३, रात्री १०:४०

सगळ्यांना सलाम. नगर जिल्ह्यातल्या एका लहान मंडळीचा मी खजिनदार आहे. ५५ घरं, त्यातली निम्मी शेतमजुरीवर नाहीतर कारखान्यावर, दोन-चार मास्तर, एक-दोन नर्सबाई, म्हणजे पैशाचा सुकाळ कधीच नव्हता.

झालं असं की परवाच्या रविवारी पाळकसाहेबांनी तुर्कस्तान-सीरियाच्या भूकंपावर उपदेश केला. ६ तारखेला पहाटे सव्वाचारला ७.८ चा धक्का, दुपारी परत ७.५ चा, ४५ हजारांच्या वर माणसं गेली हे सगळं टीव्हीवर बघितलेलंच होतं, पण साहेबांनी प्रेषितांची कृत्ये ११ वा अध्याय काढला आणि म्हणाले, ते अंताक्या अंताक्या जे बातम्यांत ऐकताय ना, तेच आपलं अंत्युखिया. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा तिथे मिळालं. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी त्याच मंडळीने दुष्काळ पडणार हे कळल्यावर यहूदीयातल्या लोकांना ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पैसे काढून बर्णबा आणि शौलाच्या हाती पाठवले. खरं सांगतो, मी हा अध्याय शंभर वेळा वाचला असेल पण शेवटच्या चार ओळींवरनं कायम घसरत पुढे गेलो होतो.

इथपर्यंत ठीक. मग साहेब म्हणाले उपवासकाळात (ईस्टरआधीचे ४० दिवस) दर रविवारी वेगळं अर्पण घेऊ, आणि कापणीच्या सणाच्या लिलावातले ३१,४०० शिल्लक आहेत तेही पाठवू. झालं! उपासना संपायच्या आत कुजबुज आणि चहाच्या वेळी भांडण. ते पैसे चर्चच्या पत्र्यांसाठी म्हणून ठेवलेले, गेल्या पावसाळ्यात वेदीच्या डाव्या अंगाला बादली लावून प्रभुभोजन घेतलंय आम्ही. शिवाय मंडळीतल्या एका बाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, गाडीभाड्यालाच जीव मेटाकुटीला येतो. एक काका म्हणाले तुर्कस्तान कायम पाकिस्तानच्या बाजूने बोलतं, त्यांना कशाला? दुसरे म्हणाले ही शेवटच्या काळाची चिन्हं आहेत, आपण प्रार्थना करावी. तिसरे म्हणाले सरकारने विमानं पाठवलीच की.

उद्या राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळ सुरू. रविवारपर्यंत मला काहीतरी सांगायचंय. तर विचारायचंय की पाठवावं का, आणि पाठवायचं तर इथून, आमच्यासारख्यांनी, नेमकं कसं? आणि तरुण संघाच्या पोरांनी माझ्याशी न बोलता चार पोती जुने कपडे गोळा केलेत, ते माझ्या पडवीत पडलेत, त्यांचं काय करू तेही सांगा.

---

वसईची_पोर | २१ फेब्रुवारी, रात्री ११:२५

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे उपवासकाळ म्हटलं की घरात पुठ्ठ्याची छोटी पेटी येतेच. जे खाल्लं नाही त्याचे पैसे त्यात टाकायचे, मासळी नाही आणली तर मासळीचे, लहानपणी आम्ही आइस्क्रीमचे टाकायचो आणि मग रडायचो. म्हणजे एवढंच सांगायचंय की लिलावाच्या पैशाला हात न लावता पण करता येतं, वेगळ्या खिशातून.

दुसरं, तुमच्या काकांना सांगा की भारतीय लष्कराने जिथे ३० खाटांचं इस्पितळ टाकलं होतं ना, ऑपरेशन दोस्त या भारताच्या मदतमोहिमेत, ते गाव म्हणजे इस्कंदेरून. त्याच गावातलं आमच्या पंथाचं कॅथेड्रल कोसळलंय, आणि तिथल्याच अंगणात चर्चच्या लोकांनी बेघर झालेल्यांना जेवण आणि आसरा दिला. धर्म विचारून नाही. आणि पाकिस्तानचं म्हणाल तर शोमरोन्याच्या गोष्टीत, वाटेवर पडलेल्या जखमीला परक्या जातीच्या माणसाने उचललं त्या, त्या जखमी माणसाचं राजकारण काय होतं ते येशूने सांगितलंच नाहीये, मला तरी आठवत नाही 🙂

---

किल्लारीकडचा | २२ फेब्रुवारी, सकाळी ६:१०

खजिनदार, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण तो वाचून रात्री झोप लागली नाही. कपडे पाठवू नका. कुठेच पाठवू नका.

मी ३० सप्टेंबर १९९३ ला ९ वर्षांचा होतो. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमच्याकडे घरं दगडमातीची आणि वर माळवद, हात-दीड हात मातीचा थर, उन्हाळ्यात गार राहतं म्हणून वर्षानुवर्षं पांढरी माती टाकत गेलेले. ते सगळं खाली आलं. आकडे तुम्ही वाचलेच असतील, १० हजाराच्या जवळपास माणसं. आमच्या घरातली दोन.

मग मदत आली, आणि खूप आली, कुणी नाव ठेवू नये एवढी आली. पण कपड्यांचे ट्रक रस्त्याच्या कडेला रिकामे व्हायचे, ढीगच्या ढीग, वरून पाऊस, मग कुबट वास. एका पोत्यात नुसते टाय निघाले. टाय! मुंबईतल्या कुठल्यातरी साहेबाने कपाट साफ केलं असणार. आम्ही पोरांनी ते वाचलेल्या बैलांच्या शिंगाला बांधले, त्या महिन्यात हसल्याचं मला तेवढं एकच आठवतं, त्यामुळे त्या साहेबाला मी माफ केलंय. पण आई साठवणीतलं लुगडं नेसणारी बाई, तिला त्या ढिगात उभं राहून दुसऱ्याचं उसवलेलं झंपर उचलताना मी बघितलंय, आणि ती उचलून परत खाली ठेवायची, परत उचलायची.

आणि आता दुसरी बाजू. केरळकडच्या दोन सिस्टर पत्र्याच्या शेडमध्ये यायच्या, मराठी शून्य, हिंदी मोडकी. त्यातल्या एकीने माझ्या धाकट्या भावाचं डोकं धुतलं होतं. माळवदाची माती केसात अशी बसते की सिमेंटसारखी, घमेल्यातलं पाणी तीनदा बदललं तरी पांढरंच निघत होतं, ती बाई घाई न करता बोटांनी ढेकळं सोडवत बसली होती आणि भाऊ पहिल्यांदा रडला, तोपर्यंत तो रडलाच नव्हता. ती कुठून आली, तिच्या गाडीभाड्याचे पैसे कुणी दिले, हे मला आजपर्यंत माहीत नाही. कुठल्यातरी लांबच्या चर्चमध्ये तुमच्यासारखंच भांडण झालं असेल आणि मग कुणीतरी ते दिले असतील.

मी ख्रिस्ती नाही, इथे वाचायला येतो. पण पैसे पाठवा, जो तिथे आधीच आहे त्याला पाठवा.

---

खजिनदार_नगरवाला | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

काय बोलू दादा. पोती कुठेही जाणार नाहीत.

---

ताळेबंद | २२ फेब्रुवारी, दुपारी १:३०

मी सीए आहे, आमच्याही मंडळीचे हिशोब बघतो, म्हणून भावनेच्या मध्ये थोडा कोरडेपणा करतो, रागावू नका.

लिलावाचे ३१,४०० विसरा. एक तर ते पत्र्यांसाठी म्हणून जमवलेत, लोकांनी ६०० रुपयांना भोपळा घेतला तो पत्र्यांच्या नावाने घेतला, ते दुसरीकडे वळवायचे तर निदान सर्वसाधारण सभेत ठराव पाहिजे. दुसरं म्हणजे तुमचं चर्च सार्वजनिक विश्वस्त संस्था असणार, तिचा पैसा भारताबाहेर खर्च केला तर आयकर कायद्याच्या (१९६१) कलम ११ खाली त्याची सूट मिळत नाही, सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची, मंजुरी लागते. शिवाय तुमच्या घटनेत परदेशात मदत हे उद्दिष्ट लिहिलेलं आहे का बघा, नसणारच. अनेक लोक इथे एफसीआरए एफसीआरए करतात, तो बाहेरून येणाऱ्या पैशाचा कायदा आहे, जाणाऱ्याचा नाही.

व्यक्ती म्हणून मात्र पाठवता येतं. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत भेट किंवा देणगी पाठवायची मुभा आहे, म्हणजे तुमच्या मंडळीला काही अडचण यायची नाही 😄 बँकेतून पाठवलं तर फॉर्म, पॅन आणि वर बँकेचा चार्ज, हजार रुपये पाठवायला तेवढाच खर्च, परवडत नाही. त्यापेक्षा ज्याच्या डेबिट कार्डावर इंटरनॅशनल चालू आहे त्याने मोठ्या, माहितीतल्या संस्थेच्या वेबसाइटवर जाऊन स्वतःच्या नावाने भरावं. ८०जीची, म्हणजे आयकरात सवलतीची, पावती मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मार्चमध्ये तुमच्या मागे लागतील. आणि सीरियातल्या कुणाच्या खात्यात थेट पाठवायच्या फंदात पडू नका, निर्बंधांमुळे पैसे मध्येच अडकतात. अमेरिकेने भूकंपाच्या मदतीसाठी १८० दिवसांची सूट दिलीय पण बँका घाबरतातच.

---

खजिनदार_नगरवाला | २२ फेब्रुवारी, दुपारी २:१५

एक आयडिया. आमच्या मंडळीतली एक मुलगी जर्मनीत नर्स आहे (ती इथे पण असते). आम्ही इथे तिच्या आईला रुपये देतो आणि ती तिथून तेवढे युरो भरते. चालेल?

---

ताळेबंद | २२ फेब्रुवारी, दुपारी २:२१

अहो खजिनदार, यालाच हवाला म्हणतात! फेमाचा, म्हणजे परकीय चलन कायद्याचा, भंग. उपवासकाळात असली पापं नकोत.

---

राइनकाठची_नर्स | २३ फेब्रुवारी, पहाटे ३:५०

ती मीच. नाइट ड्युटीवर आहे. मामा, आईला पैसे देऊ नका, तिला आधीच वाटतं मी इथे उपाशी राहते.

मी माझे भरलेत, इथल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांची डायकोनी कटास्ट्रोफनहिल्फे म्हणून संस्था आहे, नाव उच्चारायलाच मला वर्ष लागलं. तुर्कस्तान आणि सीरिया दोन्हीकडे काम चालू आहे त्यांचं. ज्यांना कार्डाने भरायचंय त्यांनी अशाच एखाद्या मोठ्या संस्थेत भरा आणि जमलं तर सीरियाचं नाव निवडा. कारण सीरियाच्या वायव्य भागात यूएनची मदत जायला सुरुवातीला एकच नाका उघडा होता, बाब अल-हवा, पहिला ताफा पोहोचेपर्यंत ९ तारीख उजाडली, आणखी दोन नाके उघडायला १३ तारखेला होकार मिळाला. ढिगाऱ्याखालचा माणूस एवढं थांबत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

मला पैशापेक्षा दुसरं सांगायचं होतं. इथे तुर्की लोक लाखोंनी आहेत, माझ्या वॉर्डातली एक सहकारी हताय भागातली, म्हणजे अंताक्याच्या बाजूचीच. तिची मावशी खाली अडकली होती. मावशीचा मोबाइल वाजत होता. ही दर ब्रेकमध्ये लावायची, रिंग जायची, कुणी उचलायचं नाही, पण रिंग जाते म्हणून ही कुणाला हात लावू द्यायची नाही फोनला. तिसऱ्या दिवशी स्विच ऑफ लागला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मला काय करावं कळेना, माझं जर्मन अशा वेळी पळून जातं. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि तिच्या दोन पेशंटची औषधं मी वाटली. एवढंच.

तिने नंतर विचारलं की तुमच्या गावातल्या लोकांना खरंच अंताक्या माहीत आहे? मी म्हटलं आमच्या आजीला नगरच्या पलीकडचं गाव माहीत नव्हतं पण अंत्युखिया माहीत होतं.

---

जुना_वडील | २४ फेब्रुवारी, रात्री ९:००

सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून मी उलटं बोलतो. मी ४० वर्षं मंडळीच्या कमिटीवर होतो. लांबच्या माणसावर प्रेम करणं सोपं असतं, तो दारात येत नाही, उसने मागत नाही, भांडत नाही. डायलिसिसवाल्या बाईंना दर आठवड्याला दोनदा न्यायचं म्हणजे दोनदा झोपमोड, आणि ते फेसबुकवर टाकता येत नाही. तीमथ्याला पौलाने, म्हणजे त्याच शौलाने, पत्रात काय लिहिलंय? जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय. गलतीकरांना लिहिताना पण सर्वांचं बरं करा म्हणतो आणि लगेच, विशेषेकरून विश्वासाच्या घराण्यातल्यांचं.

तुमच्या त्या काकांची पाकिस्तानवाली गोष्ट मला पटत नाही, आणि शेवटच्या काळाचं तर मुळीच नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा येशूने स्पष्ट सांगितलं की ते काही इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते. पण पत्रे आणि बाई यांचं म्हणणं खरं आहे, त्यांना कंजूष ठरवू नका.

---

पोथीवाचक | २५ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

जुने वडील, मुद्दा मान्य, पण त्याच पौलाने करिंथच्या श्रीमंत मंडळीला लाजवायला मासेदोनियाच्या गरीब मंडळ्यांचं उदाहरण दिलंय, त्या स्वतः कंगाल असून आम्हालाही यात भाग घेऊ द्या म्हणून त्यांनीच विनवण्या केल्या. पौलाने नको म्हटलं नाही, आधी तुमचे पत्रे घाला असं पण म्हटलं नाही.

आणि आपण नगरवाले तर कोण आहोत बघा. माझी खापरपणजी १९०० च्या दुष्काळात मिशनच्या आश्रमात आलेली पोर. आई-बाप रस्त्यातच गेले. त्या साली न्यूयॉर्कहून क्विटो नावाची बोट मका भरून मुंबईला आली होती, मका तिथल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या वाचकांनी वर्गणी काढून दिलेला आणि बोटीचं भाडं त्यांच्या सरकारने. वाटपाच्या कामात आपल्या नगरचे मिशनरी ह्यूमसाहेब पुढे होते. त्या वाचकांना नगर नकाशावर तरी सापडलं असतं का? त्यांच्याही गावात कुणीतरी आजारी असेलच की, चर्च गळत असेलच.

आमच्या घरात सांगतात की खापरपणजीने त्या दिवसांत इतका मका खाल्ला की पुढे जन्मभर मक्याचं कणीस दिसलं तरी तोंड फिरवायची. कृतज्ञता वगैरे काही नाही, नुसता वैताग! ते वाचक हे ऐकून नाराज झाले असते का माहीत नाही, पण ती जगली म्हणून मी हे टाइप करतोय.

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि मुली घेऊन आल्या, शेकडो. पुण्याहून मध्य प्रांत म्हणजे तेव्हा दुसरा देशच. आणि केडगावच्या त्यांच्या आश्रमाचा खर्च कसा चालायचा, तर बराचसा समुद्रापलीकडच्या माणसांच्या पैशावर. लांबून येणारं घ्यायचं ते सव्वाशे वर्षं घेतलंय आपण, द्यायची वेळ आली की लगेच जवळचं आठवतं.

---

जुना_वडील | २७ फेब्रुवारी, रात्री ८:३०

खापरपणजीच्या मक्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी पण, बातमी बघितली का, तुर्कस्तानच्या रेड क्रेसेंटने (तिथलं रेड क्रॉस) भूकंपानंतर तंबू दुसऱ्या एका मदत संस्थेला चक्क विकले. फुकट द्यायच्या ऐवजी. मग पैसे कुणाच्या भरवशावर पाठवायचे?

---

वसईची_पोर | २७ फेब्रुवारी, रात्री ९:१०

बघितली, संतापच आला. पण बर्णबा आणि शौल दोघं का पाठवले असतील असं वाटतं तुम्हाला? एकाच्या हाती पाठवले असते तरी पोहोचले असते. मला तरी वाटतं तेव्हापासूनच हिशोबाची काळजी होती. संस्था निवडताना विचारा, गेल्या वर्षीचा हिशोब वेबसाइटवर आहे का बघा, नसेल तर पुढची. आपण गॅस सिलिंडर घेताना पण वजन करून घेतोच की.

---

खजिनदार_नगरवाला | ६ मार्च, रात्री ११:१५

काय झालं ते सांगतो, सगळ्यांनी एवढं लिहिलंत म्हणून.

लिलावाच्या पैशाला हात लावला नाही, ताळेबंद यांचा मेसेज मी कमिटीत जसाच्या तसा वाचून दाखवला (हवालाची ओळ सोडून). पत्रे एप्रिलमध्ये पडतील. आमचा अर्धा वाद कायद्यानेच मिटवला असं म्हणायला हरकत नाही.

मग उपवासाचे पैसे. कार्डवाली माणसं निघाली ११. रविवारी उपासनेनंतर मास्तरांनी लॅपटॉप आणला, एकेकाचं इंटरनॅशनल चालू करता करता दीड तास गेला, तिघांचे ओटीपी आलेच नाहीत, एकाचा आला तो बायकोच्या फोनवर आणि ती माहेरी. सात जणांचे गेले. कुणी किती भरले ते मी मुद्दाम बघितलं नाही, स्क्रीन त्यांच्याकडे फिरवून ठेवली होती, पण सीरिया निवडलं सगळ्यांनी.

कार्ड नसलेल्यांनी उपवासाचे जे टाकले ते डायलिसिसच्या गाडीभाड्याला द्यायचं ठरलं. पहिल्या रविवारचे १,८६० निघाले, नेहमीच्या अर्पणापेक्षा जास्त. आणि तरुण संघाच्या पोरांनी मंगळवार-शुक्रवारच्या पाळ्या लावल्यात बाईंना न्यायच्या, जुने वडील यांची ती झोपमोडवाली ओळ मी त्यांच्या ग्रुपवर टाकली होती. पहिल्याच शुक्रवारी एकजण झोपून राहिला, मग मी गेलो.

पाकिस्तानवाले काका अजून माझ्याशी बोलत नाहीत. साहेब म्हणतात बोलतील.

पोती काल उघडली. त्यातले सहा स्वेटर आणि एक घोंगडी चांगली निघाली, ती आमच्या शिवारात उतरलेल्या ऊसतोडीच्या टोळीला दिली, पहाटे अजून गारवा असतो आणि त्यांची लहान पोरं बैलगाडीवरच झोपलेली असतात. आधी विचारलं हवीयेत का, मग धुऊन दिली. बाकीचं गोधड्यांना जाईल.

आणि किल्लारीकडचे दादा, तिसऱ्या पोत्यात एक टाय निघालाय. मरून रंगाचा, गाठ मारलेली तशीच.